फुकटचा पिवळा पट्टा

६ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर मी तुला बोलू देत नाही, म्हणून यापुढे पत्रंच लिहायची असा तुझा हुकूम आहे. ठीक आहे. माझं अक्षर लावताना डोळे दुखले तर ती तुझी जबाबदारी. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी आठवड्यातून तीनदाच असायचं, आणि त्यातला एक तास गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला जायचा.

आधी तुझ्या डॉक्टरांबद्दल. साखर काठावर, रक्तदाब काठावर, आणि यावर त्यांचा उपाय काय, तर 'रोज अर्धा तास चाला.' तू पाठवलेला तो कागद वाचून मी इतका भडकलो की शेजारच्या टेबलवरचा माणूस म्हणाला, काय रे, लिफ्ट पडली का कुठे? ज्या बाईने चोवीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ढकलल्या, तिला हा माणूस चालायला शिकवतोय. तू एका शिफ्टमध्ये जेवढं चालतेस तेवढं तो महिन्यात चालत नसेल. तुला चालणं नकोय. तुला असं काहीतरी हवंय ज्यात दम लागेल, डोकं वापरावं लागेल आणि दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटेल. म्हणजे मार्शल आर्ट.

हसू नकोस. मी आठ महिने बॉक्सिंग करतोय. लिफ्ट दुरुस्त करताना शाफ्टमध्ये वाकून वाकून माझी पाठ कामातून गेली होती, ती परत आली. जिने चढताना आता मी गाणं म्हणू शकतो. तर तुझ्यासाठी नीट अभ्यास करून क्रम लावलाय. एक नंबर बॉक्सिंग, पण फिटनेसवालं, समोर फक्त बॅग. दोन नंबर कराटे, त्याने तोल सुधारतो. तीन नंबर किकबॉक्सिंग, तुझा गुडघा काय म्हणतो ते बघून. जूडो अजिबात नाही. त्यात लोक एकमेकांना उचलून आपटतात.

तुझ्या घरून एका बसमध्ये जाता येईल अशा चार जागांचे पत्ते मागच्या पानावर आहेत. (चौथा जूडोचा आहे, यादी पूर्ण दिसावी म्हणून लिहिला.) जाऊन बघून ये. उत्तरात 'या वयात' हे शब्द दिसले तर मी पत्र न वाचता परत पाठवीन.

तुझा,
भुंग्या

१९ जानेवारी

चि. भुंग्या,

दोनच रविवार गेले, आणि चारही जागांची चौकशी झाली. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

बॉक्सिंगच्या दारात एक मुलगी बसली होती. म्हटलं, बॉक्सिंग शिकायचंय. तिने मला काचेच्या एका खोलीत नेलं. गाणी लावलेली, गुलाबी ग्लोव्हज, आणि सात-आठ बायका तालावर हवेत हात फेकतायत. पलीकडच्या हॉलमध्ये पुरुष एकमेकांसमोर उभे होते. मी विचारलं, त्या बॅचची वेळ काय? म्हणाली, "मॅडम, ते बॉक्सिंग आहे. तुमचं लेडीज बॉक्सिंग." मी म्हटलं, मग हॉस्पिटलात माझं लेडीज ओझं वेगळं असतं का गं? तिला काही कळलं नाही. कोपऱ्यात तुझी लाडकी बॅग लटकत होती. दोन गुद्दे घालून बघितले. पण भुंग्या, त्या बॅगेने माझं काय घोडं मारलंय? ती काही करत नाही, नुसती झुलते. असली माणसं मला घरीदारी पुष्कळ भेटलीत.

कराटेच्या टेबलावरचा माणूस मान वर न करताच म्हणाला, "नात कुठल्या बॅचला आहे?" म्हटलं, नात नाही, मीच. तेव्हा त्याने वर बघितलं आणि मला पाणी हवंय का विचारलं. जसं काही मला ऊन लागलंय.

किकबॉक्सिंगला फोन केला होता. वय सांगितल्यावर पलीकडे कुणीतरी फसकन हसलं. मी फोन ठेवला. गुडघ्याचा प्रश्नच आला नाही.

राहिला तो तुझा 'अजिबात नाही'. टायरच्या दुकानामागे हॉल आहे. आत रबराचा वास, जमिनीवर हिरव्या गाद्या. शिकवणारे सर बुटके, रुंद, आणि त्यांचे कान चुरगळलेल्या कागदासारखे. वय नाही विचारलं, वजन नाही विचारलं. एक जाड जॅकेट माझ्या अंगात चढवलं, स्वतःची बाही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ओढा." मी ओढली. सर दोन पावलं पुढे आले. मग माझ्या हातांकडे बघत राहिले. "काम काय करता?" सांगितलं. म्हणाले, "सोमवारी सहाला या. नखं कापून."

नाव घातलंय. तू आता कितीही गुणगुण कर.

तुझी आत्या

२७ जानेवारी

प्रिय आत्या,

मी चार पर्याय दिले, त्यातल्या एकावर लाल रेघ मारली, आणि तू बरोबर रेघ मारलेलाच उचललास. हे तू मुद्दाम करतेस असं मला लहानपणापासून वाटतं, आता खात्री झाली.

मला राग तुझा नाही, त्या माणसाचा येतोय. चोपन्न वर्षांच्या बाईला कुठलीही तपासणी न करता, एक फॉर्म न भरून घेता, 'नखं कापून या'? आमच्याकडे लिफ्टचा साधा दिवा बदलायचा तरी तीन सह्या लागतात. मी जूडोचे व्हिडिओ बघितले. माणूस खांद्यावरून जातो आणि पाठीवर धप्पकन पडतो. एक बघून मी फोन पालथा ठेवला.

निदान बॉक्सिंगवाल्यांना सांगून मी तुला पुरुषांच्या बॅचमध्ये टाकायला लावतो. त्या मुलीशी मी बोलतो. लेडीज बॉक्सिंग म्हणे. पण जूडो सोड.

सोडणार नसशील तर तुझ्या सरांचा नंबर तरी पाठव. काही झालं तर हाताशी असावा, एवढंच.

भुंग्या

१६ फेब्रुवारी

चि. भुंग्या,

नंबर खाली लिहिलाय. उगाच त्यांना त्रास देऊ नकोस. ते दिवसा टायर बदलतात, हात मोकळे नसतात.

तीन आठवडे आम्ही फक्त पडलो. मागे, डावीकडे, उजवीकडे, पुढे. पडताना हाताने गादीवर चापट मारायची, हनुवटी छातीला लावायची, डोकं टेकू द्यायचं नाही. मी मोजत होते, मग मोजणं सोडून दिलं. पहिल्या आठवड्यात खुर्चीतून उठताना आई आठवायची. आता ओल्या चादरींची ट्रॉली ढकलून वर आले तरी श्वास ताब्यात असतो.

माझ्या जोडीला औषधांच्या दुकानातली एक मुलगी आहे. तिशीतली, दणकट. तिला सगळे औषधवाली म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने मला सात वेळा टाकलं आणि सातही वेळा "सॉरी काकू" म्हणाली. आठव्या वेळी मी म्हटलं, बाई, एक तर टाक नाहीतर सॉरी म्हण. तेव्हापासून नुसती टाकते.

आणि एक गंमत. आमच्याकडे मशीनमधून चादर निघाली की दोघीजणी दोन टोकं धरून झटका देतो, बघितलंयस तू. माझ्या समोर अठरा वर्षं तीच जोडीदारीण आहे. तिचं लक्ष दाराकडे गेलं तरी मला कापडातून कळतं. ती टोक सोडणार असली की सोडायच्या आधीच चादर बोलते. जॅकेटचं तसंच आहे. समोरचा कुठे झुकणार ते माझ्या हाताला आधी कळतं, डोक्याला नंतर. सर म्हणाले, "हे शिकवायला मला दोन वर्षं लागतात. तुम्ही घरून घेऊन आलात."

एप्रिलच्या शेवटी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आहे. परीक्षक बाहेरून येतो, कुणाला ओळखत नाही. दहावीनंतर मी परीक्षाच दिली नाही रे. मला ही द्यायचीय.

तुझी आत्या

२४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

छान. खूपच छान. तू खुश आहेस तर मीही खुश. जूडोबद्दल माझं मत जरा घाईचं होतं असं म्हणू. सर समजूतदार वाटले, त्यामुळे आता मला काळजी नाही.

परीक्षेचं एवढं मनावर घेऊ नकोस. पट्टा काय, आज ना उद्या मिळतोच.

कामाची गडबड आहे, म्हणून छोटं पत्र.

भुंग्या

३० मार्च

भुंग्या,

चि. लिहिलेलं नाही. चुकून राहिलेलं नाही.

गेला महिनाभर मी हॉलमध्ये सगळ्यांना टाकत होते. औषधवालीला टाकलं. बस चालवणाऱ्या एका सहा फुटी माणसाला टाकलं. मला वाटलं, वा, अंगात भिनायला लागलं. आरशात दंड बघत होते मी, तुला म्हणून सांगते.

पण हाताला काहीतरी खुपत होतं. मी पकड घ्यायची, कंबर वळवायची, आणि ओढायच्या आधीच समोरचं जॅकेट ढिलं पडायचं. चादरीचं टोक सोडताना पडतं तसं. एकाचं झालं असतं तर म्हटलं असतं, दमला असेल. पण सगळ्यांचं, आणि दर वेळी. आणि मला मात्र कुणी टाकेना. उचलायचे आणि काचेची बरणी ठेवावी तसं खाली ठेवायचे.

परवाच्या शनिवारी सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, मला पुढे बोलावलं आणि माझ्या कमरेला पिवळा पट्टा बांधला. "काकूंना परीक्षेची गरज नाही. त्यांचा उत्साह हीच परीक्षा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भुंग्या, मी रिटायर झाल्यासारखं वाटलं मला.

कपडे बदलायच्या खोलीत औषधवालीला धरलं. म्हटलं, माझ्याकडे बघून सांग, तू स्वतःहून पडतेस का? ती आधी बुटाची नाडी बांधत बसली. मग म्हणाली, "काकू, सरांनी सांगितलंय सगळ्यांना. तुमची हाडं ठिसूळ आहेत ना. तुमच्या पुतण्याचा फोन आला होता फेब्रुवारीत."

माझी हाडं ठिसूळ आहेत. मला माहीत नव्हतं. अख्ख्या हॉलला माहीत होतं, टायरच्या दुकानातल्या माणसांना माहीत होतं. पाच आठवडे बारा माणसं माझ्यासमोर खोटं पडत होती आणि मी घरी येऊन आरशात दंड बघत होते.

'सर समजूतदार वाटले.' तेव्हाच विचारायला हवं होतं, तुला कुठे रे भेटले ते?

पट्टा सोडून सरांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, परीक्षेला बसवा. ते म्हणाले, "घरच्या माणसाने सांगितलंय, उद्या काही झालं तर माझ्यावर येईल. ज्याने सांगितलं त्याने लेखी मागे घेऊ दे."

तर आता मला तुझी चिठ्ठी लागणार आहे. चोवीस वर्षं माझ्या एका सहीवर चारशे खाटांच्या चादरी जातात.

आत्या

५ एप्रिल

आत्या,

हो, मी फोन केला. हाडांचं मी माझ्या मनाने सांगितलं. 'जरा जपा' एवढं म्हटलं असतं तर त्या माणसाने ऐकलं नसतं, म्हणून जड कारण दिलं.

पण तूही उगाच साळसूद होऊ नकोस. पाचवी ते आठवी पीटीच्या सरांना 'याच्या पोटात दुखतंय' अशा चिठ्ठ्या कुणी दिल्या? तेव्हा माझ्या पोटात काही दुखत नव्हतं. तुला माहीत होतं, तरी लिहायचीस. मी केलं तर ते पाप झालं?

आणि मला चिठ्ठी लिहायची नाहीये. हे मी सरळ सांगतो. बाबा जिन्यावरून पडले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. सातच पायऱ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून घरात तू आणि मी. तुला काही झालं तर मी कुणाला पत्र लिहू? तू बॉक्सिंग कर, पोहायला जा, काहीही कर. पण कुणी तुला उचलून आपटायचं आणि त्याला मी लेखी संमती द्यायची, हे माझ्याच्याने होणार नाही. चिडायचं असेल तर चीड. निदान धडधाकट राहून चिडशील.

भुंग्या

११ एप्रिल

भुंग्या,

पोटदुखीच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या, खरं आहे. तू रडत मागायचास म्हणून लिहिल्या. ही मी मागितली होती का? फरक एवढाच आहे, आणि तो तुला कळत नसेल असं मला वाटत नाही.

सोबत एक कागद आहे. आमच्याच हॉस्पिटलात हाडं मोजायचं मशीन आहे. तिथली बाई म्हणाली, "तुमचं वय रिपोर्टवर चुकून जास्त पडलंय का?" सरांना दाखवला. ते म्हणाले, मशीनचं मशीनपाशी, बोललेल्या माणसाने बोललेलं परत घ्यावं. मला त्यांचाही राग आला, पण माणूस शब्दाला धरून आहे, असे कमी असतात.

आता तुझ्या बापाबद्दल. तो तुझा बाप होता तसा माझा भाऊ होता. जिन्याखाली आधी मी पोचले होते. तू शाळेत होतास. तो जिन्यात पाय घसरून मागे पडला आणि डोकं शेवटच्या पायरीवर आपटलं. हनुवटी छातीला लावायची, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला या वर्षी सांगितलं. तुझ्या यादीतली तीन दारं माझ्या तोंडावर लागली म्हणून मी चौथ्याकडे गेले असं तुला वाटत असेल. मी पहिल्या रविवारी आधी तिथेच गेले होते. बाकीच्या तीन ठिकाणी नंतर विचारलं, तुझं मन राखायला.

मी पडणारच आहे रे. लाँड्रीची फरशी कायम ओली असते. घरचा जिना तोच आहे. कधी ना कधी पडेनच. मला पडता यायला हवं. आणि खोटं पडणाऱ्या माणसांत राहून ते येत नाही.

परीक्षा सव्वीसला आहे. चिठ्ठी वीसच्या आत पोचली पाहिजे. नाही आली तर मी तुला परत विचारणार नाही. दर सोमवारी जाईन, काचेच्या बरणीसारखी खाली ठेवली जाईन आणि घरी येईन. तुला बरं वाटेल ते कळव.

आत्या

१५ एप्रिल

(सरांना पाठवलेल्या पत्राची प्रत. आत्या, बाकी काही लिहीत नाही.)

आदरणीय सर,

फेब्रुवारीत मी तुम्हाला फोनवर सांगितलं की माझ्या आत्याची हाडं ठिसूळ आहेत. ते खोटं होतं. तिने मला असं काही सांगितलं नव्हतं आणि मी कुठल्या डॉक्टरशी बोललो नव्हतो. मला भीती वाटत होती, आणि ती भीती मी तिच्या नावावर खपवली.

माझे शब्द मी मागे घेतो. याला कृपया परवानगी समजू नका. ती द्यायचा मला अधिकार नाही, आणि खरं तर तुम्हीही ती माझ्याकडे मागायला नको होती. तिच्या हाडांबद्दल तिला विचारायचं सोडून तुम्ही फोनवरच्या एका अनोळखी आवाजावर विश्वास ठेवलात, याचा मला राग आहे. तो आवाज माझाच होता, तरी आहे.

तिला इतरांसारखंच टाका.

तिचा पुतण्या

२८ एप्रिल

चि. भुंग्या,

पत्र वीसला पोचलं, संध्याकाळी. सरांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, तुझ्या रागासकट. वाचून झाल्यावर म्हणाले, "पोरगं बरोबर बोलतंय," आणि माझी माफी मागितली. मग औषधवालीकडे बघून मान हलवली. त्या संध्याकाळी तिने मला असं काही टाकलं की छताचा पंखा मला दोन दिसले.

मी परीक्षेत नापास झाले.

चाळीस गुण लागतात, मला चौतीस पडले. परीक्षक एक किडकिडीत माणूस, नाकावर चष्मा, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. पडण्यात पूर्ण गुण दिले. कमरेवरून फेकण्यात अर्धे, कारण माझा उजवा पाय मागे राहतो. तो राहतो, ते मला मान्य आहे. पण जमिनीवर वीस सेकंद दाबून धरायचं असतं त्यात त्याने मला शून्य दिलंय, ते मला मुळीच मान्य नाही. मी बस चालवणाऱ्याला पूर्ण वीस सेकंद दाबून धरलं होतं. हा म्हणतो, सोळाव्या सेकंदाला त्याचा खांदा सुटला. सुटला नव्हता. खांदा माझ्या हाताखाली होता, मला माहीत की ह्याला? मी तिथेच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, घड्याळ परत बघितलं आणि म्हणाला, "सोळा." मी म्हटलं, ऑगस्टच्या परीक्षेला तुम्हीच येणार का? म्हणाला, हो. म्हटलं, मग घड्याळाचा सेल बदलून या.

कागदावर माझं पूर्ण नाव, समोर गुण, खाली लाल अक्षरात 'नापास' आणि त्याची सही. कुठे काकू नाही, कुठे उत्साह नाही. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

शेवटी मोकळी लढत होती, औषधवालीबरोबर. एकदा मी तिला टाकलं. जॅकेट शेवटपर्यंत ताठ होतं, तिने जीव तोडून धरून ठेवलं होतं, तरी गेली. मग तिने मला टाकलं, खांद्यावरून. धप्पकन, तुझ्या व्हिडिओसारखं. हात गादीवर बसला, डोकं टेकलं नाही. वर बघितलं तर ती पाय रोवून उभी, घामाने लाल, हात माझ्याकडे पुढे केलेला. क्षणभर मला वाटलं, झालं, आली उचलायला. पण तिची बोटं वाकलेली होती. ती पुढच्या डावासाठी माझी बाही पकडायला थांबली होती.

तुझी आत्या